टांगलेली थाळी

त्या पाटीवर मला सावकार केलं होतं. "गांव छोड़ने से पहले महाजन के यहां गिरवी रखे गए बर्तन," असं काळ्या अक्षरांत लिहिलं होतं. वर इंग्रजीत, खाली हिंदीत. नाव नव्हतं, ते मीच काढायला लावलं होतं, आणि त्याचीही किंमत घेतली होती. पण गोल बाजारात ज्यांना कळायचं त्यांना कळलंच. मी भावात कापलं असेल, गिऱ्हाइकावर ओरडलो असेन, एकदा तर एका माणसाच्या अंगावर कढई फेकली आहे. पण जन्मात एक वाटी गहाण ठेवून घेतली नाही.

माझे वडील भंडाऱ्याकडून रेल्वेत खलाशी म्हणून रायपूरला आले आणि लवकर गेले. आईनं डोक्यावर टोपली घेतली. टोपलीत स्टीलची भांडी, बदल्यात जुने कपडे. समता कॉलनीत फाटकापाशी उभी राहून ती एका पातेल्याला तीन साड्या आणि एक पँट मागायची. बाई दोन साड्यांवर अडली की टोपली उचलून चालू लागायची. चार पावलं चालायची. पाचव्या पावलाला मागून हाक यायचीच. मी भाव करायला तिथं शिकलो, शाळेत जे शिकलो ते विसरलो. टोपलीची हातगाडी झाली, हातगाडीचं गोल बाजाराच्या गल्लीत दुकान झालं. खाली दुकान, वर माळा.

त्या माळ्यावर गाठोडी असायची. ती कशी आली ते सांगायला हवं, कारण पाटीवर ते कुणी लिहिलं नाही.

महासमुंदकडच्या गावांतली माणसं धान कापून झालं, दिवाळी झाली की यूपीतल्या वीटभट्ट्यांवर जातात. पेपरवाले त्याला पलायन म्हणतात. ती माणसं स्वतः म्हणतात, कमाए-खाए बर जाथन, कमवायला-खायला जातो. नवरा, बायको, पोरं, सगळं घर उचलून जातात आणि आषाढाच्या तोंडाला परत येतात. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी अशीच एक बाई गाडीच्या वेळेआधी माझ्या दुकानात आली. तिच्याजवळ एका लुगड्यात बांधलेली काशाची भांडी होती: थाळी, लोटा, दोन वाट्या. तिच्या लग्नात बापानं दिलेली. म्हणाली, घर रिकामं राहणार, चोर राहिले बाजूला, दिरावरच भरवसा नाही. ठेवून घे. मी म्हणालो, मी गहाणाचा धंदा करत नाही. ती म्हणाली, मी पैसे कुठं मागितले?

मग तिनं नेसत्या लुगड्याचा काठ दातांनी फाडला. त्याचे दोन तुकडे केले. एक गाठोड्याला बांधला, दुसरा कमरेला खोचला. आषाढात परत आली, दोन तुकडे जोडून दाखवले, काठावरची नक्षी जुळली, गाठोडं घेऊन गेली. जाताना एक पातेलं विकत घेतलं आणि मी एक रुपया कमी केला नाही.

दुसऱ्या वर्षी तिच्या पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, तीन बाया आल्या. मग दहा. शेवटी शेवटी पस्तीस-चाळीस गाठोडी माळ्यावर असायची. मी कधी वही केली नाही, चिठ्ठी दिली नाही, भाडं घेतलं नाही. धर्म म्हणून नाही. त्यांच्या पोरींच्या लग्नाची भांडी माझ्याकडून जायची, पूर्ण भावानं. तो माझा फायदा होता आणि तो मला पुरत होता. एवढ्या वर्षांत एकाही गाठोड्याची अदलाबदल झाली नाही.

दोन वर्षांपूर्वी, माघात, समता कॉलनीतल्या एका संस्थेच्या दीदी दुकानात आल्या. भट्टीवरून परतणाऱ्या कुटुंबांना वाटायला त्यांना स्टीलच्या भांड्यांचे संच हवे होते. ताट, दोन वाट्या, पेला, चमचा. त्यांच्याबरोबर दिल्लीचा एक कलाकार होता. मजुरांच्या हालाकडे लोकांचं लक्ष जावं म्हणून ते एक प्रदर्शन करणार होते. दीदी चांगल्या बाई. हे मी उपरोधानं लिहीत नाही. वाईट माणसाशी भाव करणं सोपं असतं. दीदींशी बोलताना मला सारखं वाटायचं की आपणच काहीतरी चोरतो आहोत, म्हणून मी जास्त चोरायचो. संचाचा भाव त्यांनी पाडला नाही, मग मी पत्रा पाडला. इतका पातळ पत्रा मी दुकानात लावतही नसे.

कलाकार वर बघत होता. त्यानं विचारलं, माळ्यावर काय आहे. मी सांगितलं. तो शिडी चढला, आणि बराच वेळ खालीच आला नाही. आला तेव्हा त्याचे डोळे ओले होते. म्हणाला, मी चार महिने जे शोधतोय ते इथं पडलंय.

त्यांना गाठोडी एका महिन्यासाठी उसनी हवी होती. चैत्रात प्रदर्शन, आषाढाच्या कितीतरी आधी परत. मी नाही म्हणालो. माल माझा नाही. मग दीदी म्हणाल्या, पाटीवर तुमच्या दुकानाचं नाव येईल, कलेक्टर साहेब येतील, आणि संच शंभराऐवजी तीनशे घेऊ.

मी मनात आईची टोपली उचलली आणि चार पावलं चाललो. पाचव्याला त्यांनी हाक मारली नाही, मीच वळलो. चारशे, म्हणालो. त्या हो म्हणाल्या.

घरी बायकोला सांगितलं तेव्हा ती भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "जिची हाये तिले इचारलं का?"

मी म्हणालो, ती यूपीत, तिला कुठं विचारू?

"मंग काहून देऊन राहिले?"

मी म्हणालो, आषाढाच्या आधी परत येतं, कुणाला कळतंय. तिनं भाकरी तव्यावर टाकली आणि पुढची थापायला घेतली. तिचं हेच मला सहन होत नाही. भांडली असती तर मी जिंकलो असतो.

उद्घाटनाला मी नवा शर्ट घातला आणि बायकोला बरोबर नेलं. पांढऱ्या भिंतींचा मोठा हॉल, थंडगार. मध्यभागी छतापासून जमिनीपर्यंत बारीक तारांवर माझ्या माळ्यावरची सगळी भांडी टांगलेली. थाळ्या, लोटे, वाट्या. पंख्याच्या वाऱ्यानं हलत होती, एकमेकांवर आपटून हळू वाजत होती, आणि लोक कुजबुजत होते, जसं देवळात कुजबुजतात. भिंतीवर वेगळे लावले होते लुगड्यांचे काठ. सोडवून, धुऊन, इस्त्री करून, काचेखाली, रंगाप्रमाणे ओळीनं. सुंदर दिसत होतं. मी भांड्यांच्या धंद्यातला माणूस, मला सुंदर कळतं.

आणि मला हेही कळलं की आता कुठला काठ कुठल्या थाळीचा हे जगात कुणालाच सांगता येणार नाही.

मग मी तारा बघितल्या. प्रत्येक भांड्याच्या काठापाशी ड्रिलनं भोक पाडलं होतं. काशाला ड्रिल लावलं तर ते तडकतं, हे गल्लीतला कुठलाही मिस्त्री सांगेल. दिल्लीच्या माणसाला कुणी सांगितलं नव्हतं आणि त्यानं विचारलं नव्हतं. मी मनात वजन लावलं: मोडीचा भाव, नव्याचा भाव, किती भरून द्यावं लागेल. बायकोनं भोकं बघितली, काठ बघितले, आणि माझ्याकडे न बघता बाहेर जाऊन चपला घालून उभी राहिली.

पाटी मी शेवटी वाचली. महाजन. गिरवी. खाली "सौजन्य" म्हणून माझ्या दुकानाचं नाव. म्हणजे सावकार कोण ते पत्त्यासकट.

मी कलाकाराला पाहुण्यांसमोर धरलं. आवाज किती चढला ते मला आठवत नाही, पण पंखा बंद केल्यासारखा हॉल शांत झाला हे आठवतं. त्याला म्हणालो, मी कुणाचं काय गहाण ठेवलंय, दाखव. तो शांतपणे म्हणाला, "इसे आप व्यक्तिगत मत लीजिए. ये प्रतीकात्मक है."

मी म्हणालो, प्रतीकात्मक तुझा बाप.

दीदींनी मला बाजूच्या खोलीत नेलं, पाणी दिलं. पाटी छापून झाली, पेपरात गेली, म्हणाल्या. पण दुकानाचं नाव आजच काढतो. म्हणजे जे नाव लागावं म्हणून मी भाव केला होता ते निघावं म्हणून आता भाव करायचा होता. मी केला. नाव निघालं. आणि मी आणखी दोनशे संचांची ऑर्डर घेऊन बाहेर पडलो. माझा राग खरा होता आणि मी तो विकला. पुढं जे झालं त्यात मला तोंड उघडता आलं नाही, त्याचं कारण हे.

अक्तीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, दहा दिवस होते. दुपारी ती आली. तीच, पहिलं गाठोडं ठेवून गेलेली. भट्टीचा हंगाम संपायला दोन महिने होते, म्हणून मी तिला ओळखलंच नाही, की ओळखायचं नव्हतं म्हणून ओळखलं नाही. तिनं कमरेचा काठ काढून गल्ल्यावर ठेवला.

"मोर गठरी दे दे भैया."

मुलीचं लग्न होतं अक्तीला. ते लोक लग्नात मुलीचे आणि जावयाचे पाय काशाच्या थाळीत धुतात. तिचे पाय त्याच थाळीत धुतले होते, मुलीचे त्याच थाळीत धुवायचे होते. एवढ्यासाठी ती आली होती. भट्टीच्या सरदारानं, म्हणजे मजूर नेणाऱ्या मुकादमानं, तिला सोडलं ते नवरा आणि धाकटा मुलगा ठेवून घेऊन. उचल फिटेपर्यंत त्यांनी भट्टी सोडायची नाही.

आमच्याकडे लग्नात बुद्धवंदना होते. पाय धुणं आईवडिलांनी कधीच सोडलं. काशाची थाळी म्हणजे माझ्या लेखी वजन आणि चकाकी. इतकी वर्षं ती गाठोडी सांभाळली आणि आत खरं काय आहे हे मला त्या दुपारी पहिल्यांदा कळलं. तरी मी तिला म्हणालो, चार दिवसांनी ये. तिनं माळ्याकडे बघितलं. माळा रिकामा होता. ती शिडीपाशी जाऊन बसली. चार दिवस तिथंच बसेन अशी.

दोन तासांनी मी तिला स्कूटरवर बसवून हॉलवर नेलं.

दारावरच्या चौकीदारानं आधी तिच्या पायांकडे बघितलं. मग मला म्हणाला, मजुरांचा कार्यक्रम संध्याकाळी आहे. मी त्याला ढकलून आत गेलो.

ती भिंतीपाशी गेली. काचेखालच्या काठांवरून बोट न लावता नजर फिरवत गेली आणि एका ठिकाणी थांबली. कमरेचा तुकडा काढून काचेवर ठेवला. नक्षी जुळली. मागं कॅमेऱ्याचा आवाज आला. कलाकार फोटो घेत होता. दीदी आल्या, त्यांनी तिचे हात हातात घेतले आणि रडल्या. ती रडत नव्हती. ती म्हणाली, थाळी?

ती तिला तारांच्या मधोमध सापडली. काठाला एक जुना पोचा होता, त्यावरून. तिनं बोटाच्या पेरानं थाळी वाजवली. काशाची थाळी ठण्ण वाजते आणि वाजत राहते. ही ठक वाजली. तिनं पुन्हा वाजवली. मग भोकावरून अंगठा फिरवला, भोकापासून निघालेली केसाएवढी चीर तिला लागली, आणि तिनं हात खाली घेतला. फुटक्या काशात कुणी पाय धुत नाही. हे तिनं सांगितलं नाही, सांगायची गरज नव्हती.

दीदींना मात्र ते कळलं नव्हतं. त्या समजावत होत्या की ही कलाकृती आता एकच वस्तू आहे, त्यातून एक थाळी काढली तर तोल जाईल. संध्याकाळी मोठे अधिकारी येणार आहेत. हे दिल्लीला जाणार आहे. तुमच्यासारख्या हजारोंचं दुःख लोकांना दिसणार आहे. बोलता बोलता त्यांनी विचारलं, घरी कोण कोण आहे? तिनं सांगितलं, नवरा आणि मुलगा भट्टीवर अडकवून ठेवलेत.

दीदी आणि कलाकारानं एकमेकांकडे बघितलं. तशी नजर मी बाजारात रोज बघतो. मोडीत पितळ समजून घेतलेल्या तुकड्यावर चांदीचा शिक्का निघाला की दोन भागीदार असेच बघतात.

त्या म्हणाल्या, संध्याकाळी तुम्ही हे अधिकाऱ्यांसमोर बोला. बोललात तर ते काहीतरी नक्की करतील.

बाई जमिनीवर बसली होती. तिनं थाळीकडे बघितलं, दीदींकडे बघितलं. म्हणाली, "पहिली फोन लगाव. तहां गोठियाहूं." आधी फोन लावा, मग बोलेन.

दीदी म्हणाल्या, असं नसतं, आधी साहेबांना भेटू दे. ती उठली, दाराकडे चालू लागली. मी पावलं मोजत होतो. तिसऱ्या पावलाला दीदींनी हाक मारली.

त्यांनी तिथून फोन लावला. वर कुणाला तरी, तिथून यूपीत कुणाला तरी. बाई फोन संपेपर्यंत समोर उभी राहिली. मग तिनं तिकडून फोन परत यायला लावला. पाच वाजता भट्टीवरून तिच्या नवऱ्याचा आवाज फोनवर आला, तेव्हा ती म्हणाली, "हव, अब गोठियाहूं."

संध्याकाळी ती दोन वाक्यं बोलली. पहिलं, हे सगळं आमचं आहे. दुसरं, माझा माणूस आणि लेकरू भट्टीवर बांधून ठेवलेत. लोक उभे राहिले, टाळ्या वाजल्या, एक बाई हुंदके देऊ लागली. मग मंचावर तिचा सत्कार झाला. दीदींनी तिच्या हातात स्टीलचा संच दिला. तिनं वरचं ताट सवयीनं अंगठ्यानं दाबून बघितलं. ताट वाकलं. तिनं समोर बसलेल्या माणसांत मला शोधलं, आणि मग ते ताट पदराखाली घेतलं, जसं कुणाची तरी लाज झाकावी.

लग्नाच्या दोन दिवस आधी नवरा आणि मुलगा परत आले. त्यांच्याबरोबर त्याच भट्टीवरची आणखी काही कुटुंबं सुटली. पेपरात आलं. म्हणून कलेनं काही होत नाही असं मी म्हणणार नाही. झालं. पण त्या कलाकारानं पुढं जिथं जिथं मुलाखत दिली तिथं सांगितलं की एका थाळीनं माणसं सोडवली. माणसं त्या बाईनं सोडवली. तिला भाव करता येत होता. थाळी नुसती टांगलेली होती, आणि तीही फोडून.

आषाढात बाकीच्या बाया आपापले काठ घेऊन आल्या. जुळवायला समोर काही नव्हतं. दिल्लीला गेलेलं दिल्लीलाच राहिलं. मी वजनाला वजन नवं कासं दिलं, एकीनंही तक्रार केली नाही. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. दिवाळीनंतर त्यांपैकी एकही आली नाही. शेजारच्या दुकानदारानं सांगितलं, आता त्या जाण्याआधी भांडी सरळ मोडीत विकून टाकतात. म्हणजे पाटीवर जे खोटं लिहिलं होतं त्याहून वाईट ते खरं झालं, आणि त्याची पाटी कुठंच लागणार नाही.

अक्तीच्या त्या लग्नाला मी गेलो होतो. बोलावणं नव्हतं. बायको म्हणाली, "जाऊ नोका, ते तुमचं तोंड पाहून काय करतीन?" मी दुकानातली सगळ्यात भारी थाळी काढली, ओडिशाची, जाड काठाची, वाजवली तर गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशी. भाव लावला नाही. पन्नास-साठ किलोमीटर स्कूटर चालवली.

मी पोचलो तेव्हा पाय धुऊन झाले होते. कुणाची तरी परात मांडवात उपडी पडली होती. ती बाई जेवणाच्या पंगतीकडे बघत उभी होती. मी कागद सोडून थाळी तिच्यापुढं धरली. म्हणालो, तुझ्या थाळीपेक्षा वजन जास्त आहे.

तिनं हातात घेतली. पेरानं वाजवली. आवाज मांडवभर गेला, चार माणसं वळून बघू लागली. तिच्या चेहऱ्यावर एक क्षण काहीतरी आलं, मला वाटलं झालं. मग तिनं विचारलं,

"येला कहां राखबो भैया?"

कुठं ठेवू हिला? दिवाळीनंतर ते पुन्हा जाणार होते. राहिलेली उचल फेडायला दुसऱ्या एका सरदाराकडून नवी उचल घेतली होती. घर रिकामं राहणार होतं. ती उपरोधानं बोलत नव्हती, खरंच विचारत होती. एखाद्या भांडीवाल्याला विचारावं तसं.

माझ्याकडे ठेव, हे शब्द माझ्या तोंडाशी आले. मी ते बोललो नाही. माझ्यात एवढी तरी लाज शिल्लक होती, की तिनं नाही म्हटलेलं ऐकायची हिंमत नव्हती, ते मला अजून ठरवता येत नाही. ती म्हणाली, मुलीच्या सासरी द्यायची म्हटलं तरी तेही भट्टीवर जातात. तिनं थाळी परत त्याच कागदात गुंडाळली, नीट, कोपरे दुमडून, आणि माझ्या हातात दिली. म्हणाली, जेवून जा.

मी जेवलो. डाळ-भात, जिमीकंदाची, म्हणजे सुरणाची, भाजी, एक बुंदीचा लाडू. पत्रावळीवर.

थाळी मी परत दुकानात लावली. चार दिवसांत विकली गेली, समता कॉलनीतल्या एका डॉक्टरच्या घरी, दिवाणखान्यात भिंतीवर लावायला. त्यांनी भाव पाडायला बघितला. मी पाडला नाही.